ओढ्याच्या वळणावरचे दगड

निमगाव सावा
१४ सप्टेंबर २००३

गुनिलाताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेल तर दचकला असाल. तुम्ही गेल्यापासून मी एक ओळ लिहिली नाही, आणि आजही ख्यालीखुशाली विचारायला बसलेली नाही. काम आहे म्हणून लिहिते.

दादाभाऊंच्या केसला तारीख लागली. डिसेंबरात, जुन्नरच्या कोर्टात. नवऱ्याचं नाव घेऊन लिहिते म्हणून नवल करू नका. मी ‘हे’ म्हटलं की तुम्ही ‘हे म्हणजे कोण?’ असं विचारायचात, तेव्हापासून तुमच्यापुरता तो संकोच सोडलाय.

वकील म्हणाले, तुम्हालाही समन्स येईल. स्वीडनपर्यंत समन्स कसं जातं मला माहीत नाही, पण तुमच्या विद्यापीठाचा पत्ता पोलिसांकडे आहे. तुम्हीच दिला होता. तर माझं म्हणणं एवढंच, की येऊ नका. आणि लेखी विचारलं तर कळवा, की बरेच दिवस झाले, आता नीट आठवत नाही. कुणालाही पटेल. माणूस विसरतो.

झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी मी लिहिते, कारण आपण दोघी त्यावर धड बोललोच नाही. तुम्ही बॅग भरलीत आणि मी भांडी घासत बसले.

जानेवारी होता. कारखाना सुरू होता, दादाभाऊ रोज उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून पारगावला खेपा करत होते. त्या दिवशी ओढ्याच्या वळणावर मागच्या ट्रॉलीचं चाक गेलं. तुम्ही दुपारी तुमची जिप्सी घेऊन पुण्याला निघाला होतात, मेंढ्यांची औषधं आणायला. वळणावर तुम्हाला ट्रॅक्टर दिसला, चाकाला लावलेला दगड दिसला, आणि मागून येणाऱ्याला कळावं म्हणून रस्त्यात मांडलेले दगडही दिसले. तुम्ही हात केलात, दादाभाऊंनीही केला. संध्याकाळी आमच्या भिंतीपलीकडचा गेणू बेल्ह्याच्या बाजारातून त्याच्या एम-एटी गाडीवर घरी येत होता. तोवर चाक बसवून ट्रॅक्टर निघून गेला होता. दगड तिथंच होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात तेव्हा वळणावर पोलीस पंचनामा करत होते. तुम्ही गाडीतून उतरलात आणि हवालदाराला सांगितलंत, ‘ह्ये दगडं दादाभाऊनं ठेवल्याली. म्या काल बगितली.’ आमच्या सासऱ्यांच्या तोंडून शिकलेलं तुमचं मराठी. हवालदार आधी हसला म्हणे, मग त्याने लिहून घेतलं. मग तुम्ही घरी आलात. मी चहा केला. तो पिऊन झाल्यावर तुम्ही मला सांगितलंत.

आधी हवालदाराला, मग मला. मेंढरांच्या रोगांचा अभ्यास करायला म्हणून चार वर्षं आमच्या ओसरीलगतच्या खोलीत राहिलात, माझ्या ताटात जेवलात. तुम्हाला ताप आला तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तुमचे पाय चोळले. त्या दिवशी वळणावरून घर किती लांब होतं हो? घरी येऊन आम्हाला सांगितलं असतंत, मग खुशाल जायचं होतंत पोलिसांकडे. हे मी विसरलेले नाही.

आबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, गुडघे आता धरलेत. मेंढरं घेऊन कोकणात जात नाहीत. तुम्ही जिला लस टोचताना लाथ खाल्ली होती ती काळी मेंढी अजून आहे. आबा तिला तुमच्या नावाने गुणाबाईच म्हणतात. मी सांगून पाहिलं, ऐकत नाहीत.

कळवा.

निर्मला


८ ऑक्टोबर २००३

गुनिलाताई,

तुमचं पत्र आलं. चार ओळी. अक्षर अजून तसंच आहे, मेंढरं पांगल्यासारखं.

‘मला आठवतं. आठवत नाही असं लिहिता येणार नाही.’ बरं. हे मला अपेक्षित होतं. पण पुढे तुम्ही विचारलंत, ‘दादाभाऊनं दगड का काढले नाहीत, हे तू त्याला विचारलंस का?’ ते वाचून माझं डोकंच फिरलं. पत्र फडताळात टाकून मी अंगणवाडीत गेले आणि पोरांना विनाकारण ओरडले.

तुम्हाला आमच्या रस्त्यावर काय बरोबर दिसलं होतं, ते आधी सांगा. आल्यापासून तुमचं तेच. जीपवाला स्वतःच्या उजव्या हातालाही एक माणूस बसवतो आणि आपण मधे बसून गाडी चालवतो, हे पहिल्यांदा बघितलंत तेव्हा तुम्ही आळेफाट्याला रस्त्यात उभ्या राहिलात आणि त्याला म्हणालात, ‘गाडी नेमकं कोन चालवतंय?’ सगळा फाटा हसला. ट्रॉलीला मागे दिवा नाही. मोटरसायकल उलट्या अंगाने येते. खेड घाटात वळणावरच पुढं काढतात. बाई लेकराला घेऊन एका अंगावर बसते आणि तिचा पदर चाकाशी लोंबतो. आबांना जिप्सीत पुढे बसवून तुम्ही पट्टा बांधलात तेव्हा आबा म्हणाले, ‘मला खुट्याला बांदती का काय ही?’ आणि रस्त्यावर हुलगे पसरलेले दिसले की तुम्ही गाडी शेतात घालून वळसा घ्यायचात. हुलगे पसरणारी साळुबाई मागून शिव्या द्यायची, कारण गाडी वरून गेल्याशिवाय हुलगे शेंगेतून सुटणार कसे?

आणि दगड. दिसला दगड की गाडी उभी. उतरायचं, कडेला टाकायचा, हात झटकायचे. पोरं विचारायची, ‘गुणाबाय, घर बांदायचंय का?’ तुम्ही हसायच्या नाहीत. मला तेव्हा तुमचा अभिमानही वाटायचा आणि लाजही वाटायची, हे आज लिहून टाकते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. होय, विचारलं. तुमचं पत्र आलं त्या दिवशी नाही, अपघाताच्याच आठवड्यात विचारलं होतं, गेणूचं दहावं व्हायच्या आत. दादाभाऊंनी काही लपवलं नाही. तुम्हाला वाटत असेल, हा माणूस खोटं बोलतोय आणि आम्ही सगळे झाकतोय. तसं नाही. ते भाकरी मोडत म्हणाले, ‘दगड म्याच ठेवलं व्हतं. चाक बसलं, निगालो. गाडी चालू झाल्यावर खाली उतरून दगड कोन काडतं?’ मी म्हटलं, ‘कुणीच नाही?’ ते म्हणाले, ‘तू बगितलंय का कुनाला?’

मी बघितलं नव्हतं. तुमच्याशिवाय.

गेणू गेल्याचं त्यांना दुःख नाही, असं तुम्ही समजू नका. तिरडीला पहिला खांदा त्यांचा होता. भागूचं, गेणूच्या बायकोचं, रान तेव्हापासून दादाभाऊच नांगरून देतात. पण दगडांचा आणि त्याचा संबंध त्यांच्या मनात लागतच नाही. रस्त्यात दगड असतात, जसा रस्त्यात खड्डा असतो. गेणूची वेळ आली होती, असं ते म्हणतात, आणि सगळा गाव तेच म्हणतो.

आता वकिलांचं. त्यांनी असं ठरवलंय, की ट्रॅक्टर त्या दिवशी वळणावर नव्हताच. दुपारपासून आमच्या अंगणात होता आणि दादाभाऊ घरी होते. दुसऱ्या दिवशी हवालदाराला अंगणात ट्रॉलीचं मोडकं चाक सापडलं, ते घरीच मोडलं असं म्हणायचं. हे सांगायला घरचं माणूस हवं. आत्याबाई कोर्टात रडतील, आबा भलतंच काही बोलतील. म्हणून मी.

मी हो म्हटलंय. उगाच मोठं करू नका. हा माझा नवरा आहे आणि त्याला तुरुंगात घालून गेणू परत येणार नाही. तुमच्या देशात नवऱ्याविरुद्ध बोलणाऱ्या बायकांना काय मिळतं मला माहीत नाही. इथं काय मिळतं ते माहीत आहे.

तेव्हा पुन्हा सांगते, येऊ नका.

निर्मला


२ नोव्हेंबर २००३

गुनिलाताई,

दिवाळी झाली. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं आहे, त्यामुळे तुटक झालं तर चालवून घ्या.

गेल्या आठवड्यात आळ्याला गेले होते, परत येताना जीपमध्ये दाटीवाटीने बसले. ड्रायव्हर नेहमीसारखा मधे, त्याच्या उजवीकडे एक पोस्टाचा माणूस अर्धा बाहेर. शाळेच्या पुढे रस्त्यात दगड. कुणाचा तरी ट्रक उभा असणार, काम करून गेला. ड्रायव्हरने त्या नसलेल्या ट्रकवाल्याच्या आईबहिणीचा उद्धार केला, गाडी सफाईने काढली आणि पुढे निघाला. आतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. लोकांना काही अक्कल नाही, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, ‘थांबव.’

‘काय राह्यलं का वैनी?’

‘दगड काढते.’

तो म्हणाला, ‘वैनी, बाजार सुटलाय, मागं लई गाड्या हायेत. काडल कुनीतरी.’ तरी त्याने थांबवली, कारण दादाभाऊंना तो ओळखतो. मी उतरले. लहान दगड काही वाटले नाहीत. चाकाला लावलेला मोठा मात्र हलेना. दोन्ही हातांनी लोटत लोटत कडेला नेला, बोटं सोलली. जीपमधून कुणी उतरलं नाही. एकजण ओरडला, ‘गुणाबायची हवा लागली वाटतं!’ आणि हशा झाला. मी परत येऊन बसले तेव्हा माझे कान तापले होते. ताई, तुम्हाला चार वर्षं असं रोज वाटत होतं का? मी कधी विचारलं नाही.

त्या दगडाशी वाकले तेव्हा मला कळलं, की तो जड आहे. एवढंच. तो आपोआप तिथे आलेला नव्हता. कुणीतरी कडेवरून उचलून, छातीशी धरून, मोजून मापून तिथे ठेवला होता. ज्याला ठेवता येतो त्याला काढताही येतो. तुम्ही हे मला शंभर वेळा सांगितलं असेल.

हात सोललेले बघून दादाभाऊंनी विचारलं. मी सांगितलं. ते उठले. हळद आणून दिली.

पण मी लिहायला बसले ते ह्यासाठी नाही. काल भागू आली.

ती कधी उंबऱ्याच्या आत येत नाही, भिंतीवरूनच बोलते. काल आत आली, चुलीपाशी बसली. म्हणाली, ‘तुमचा वकील कोर्टात म्हननार हाये म्हनं, की आमचं मालक पिऊन गाडी चालवीत व्हतं.’

मला हे ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. मी विचारलं, कोण म्हणालं? तर वकिलांनी आपल्या साळुबाईच्या नवऱ्याला, सावळारामला, बोलावून विचारलं होतं, गेणूला बेल्ह्याच्या गुत्त्यावर बघितलं असं सांगशील का. तो हो म्हणाला आणि घरी येऊन बायकोला बोलला. साळुबाईच्या पोटात काही राहत नाही.

भागू म्हणाली, ‘टॅक्टर तुमचा व्हता का कुनाचा, मी इचारलं का कदी? न्हाई इचारलं. मला काय कळत न्हाई व्हय? पन शेजार हाय. दादाभाऊ रान नांगरून देत्यात. मी म्हनलं, जाऊ दे. पन निर्मला, त्यांच्या गळ्यात माळ व्हती.’

मी चुलीत लाकूड सारलं.

‘पोरगं साळंत जातंय. त्याला पोरं म्हनत्याल, तुजा बाप पिऊन मेला. त्यो जल्मभर त्येच ऐकंल. तुमी सुटा की. मी सुटू नका म्हनते का? पन त्यांला प्याल्यालं करून सुटू नका.’

ती रडली नाही. मी चहा ठेवला, तो न पिता गेली.

ताई, दवाखान्यातून गेणूला आणलं तेव्हा त्याची माळ तुटलेली होती. मणी माझ्याच हाताने वेचून मी भागूच्या पदराला गाठ मारून दिले होते. त्या माणसाने कधी चहाबरोबर सुपारीसुद्धा खाल्ली नाही. एका लग्नात आमच्या दिरांनी त्याला प्यायचा आग्रह केला तर तो मांडवातून उठून गेला होता.

रात्री दादाभाऊंना मी विचारलं, वकिलांनी तुम्हाला हे सांगितलंय का? ते म्हणाले, ‘वकिलाचं काम वकील करतो. कोर्टात आसंच आसतंय म्हनं.’ मी म्हटलं, तुम्ही नको म्हणा. ते म्हणाले, ‘नको म्हनलं तर केसमदी काय राहतंय? मग त्यो दगडावर का आदळला, ह्ये सांगावं लागंल.’ आणि कूस बदलली. झोपले नव्हते, मला श्वासावरून कळतं.

ट्रॅक्टर अंगणात होता असं मी म्हणू शकते. ते खोटं माझ्या घरातलं आहे, माझ्यापुरतं आहे. पण त्यानंतर लगेच वकील गेणूवर जाणार, आणि माझ्याच बोलण्यावर उभा राहून जाणार.

म्हणून लिहिते. तुम्ही या. मागच्या दोन पत्रांत येऊ नका म्हटलं, ते खोडा. तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा, ट्रॅक्टर तिथे होता आणि दगड तिथे होते. तुम्ही परक्या आहात, तुमच्यावर सगळ्यांनी आधीच राग धरलाय, त्यात थोडी भर पडली तर काय बिघडतं? मग मला बोलावं लागणार नाही. हे स्वार्थाचं आहे, मला कळतं. तरी या.

खोली रिकामीच आहे. त्यात सध्या कांद्याचं बी ठेवलंय, ते हलवीन.

निर्मला


१७ डिसेंबर २००३

गुनिलाताई,

तुमचं पत्र तारखेच्या आदल्या दिवशी मिळालं. आईचं ऑपरेशन म्हणजे तुम्ही येणार नाहीच, हे पहिल्या ओळीतच कळलं. त्या आता बऱ्या असोत. तुम्ही कोर्टाला पाठवलेला कागदही पोहोचला होता. वकील तो बघून हसले. म्हणाले, ‘कागदाची उलटतपासणी घेता येत नाही, तो पुरावा धरत नाहीत बाई. ती परदेशी बाई आली नाही ना? मग झालं.’

झालं ते सांगते.

आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. दादाभाऊ, मी, आबा. भागूही त्याच गाडीत होती, सरकारी वकिलांनी बोलावलं होतं म्हणून. आबांनी तिला खिडकीची जागा दिली. कोर्टात बराच वेळ बाहेर बाकावर बसून होतो. पोलिसांनी सांगितलं, चाक मोडलेलं सापडलं. सावळारामला बोलावलं. त्याने गेणूला गुत्त्यावर पाहिल्याचं सांगितलं, पण खाली बघून, आणि कपाळ पुसत. मग भागूला उभं केलं. आपले वकील तिला म्हणाले, ‘तुमचा नवरा दारू प्यायचा.’ ती म्हणाली, ‘न्हाई.’ ते म्हणाले, ‘बाजाराच्या दिवशी तरी?’ ती म्हणाली, ‘न्हाई.’ ते हसून म्हणाले, ‘बायकांना सगळं कळतंच असं नाही.’ भागूने पदर डोक्यावरून पुढे ओढला. बस.

मग माझं नाव पुकारलं.

घरून निघताना मी काही ठरवलं नव्हतं, हे तुम्ही मानाल का? खरं तर ठरवलं होतं ते हेच, की वकिलांनी शिकवल्याप्रमाणे बोलायचं आणि घरी येऊन देवापुढे नाक घासायचं. दादाभाऊंना मी तसं सांगितलंही होतं. ते म्हणाले होते, ‘घाबरू नको. हो, न्हाई, एवडंच बोल.’

वकिलांनी विचारलं, ‘अपघाताच्या दिवशी तुमचे पती दुपारपासून घरी होते?’

मी म्हटलं, ‘नव्हते.’

त्यांना वाटलं मी घाबरले. ‘नीट आठवून सांगा.’

‘दिवे लावायच्या वेळेला आले. हाताला वंगण होतं. मी राख दिली हात धुवायला.’

वकिलांनी मला थांबवायला बघितलं, पण न्यायाधीश साहेबांनी त्यांनाच थांबवलं आणि स्वतः विचारायला लागले. तरुण आहेत, आवाज हळू. ट्रॅक्टर कुठे होता? मी सांगितलं, ओढ्याच्या वळणावर. दगड कुणी ठेवले? मी सांगितलं, ह्यांनी. मग काढायचे विसरले का?

आतापर्यंत मी शाळेतल्यासारखं बोलत होते, तिथून पुढे माझं तोंड घरचं झालं. मी म्हटलं, ‘साहेब, इसरले न्हाईत. काडायचे आसत्यात, ह्येच आमच्याकडं कुनाला म्हाईत न्हाई. गाडी बंद पडली की समदे ठेवत्यात. गाडी चालू झाली की समदे जात्यात. त्यांचं एकट्याचं न्हाई. पन त्या दिवशीचे दगड त्यांचे व्हते.’

साहेब लिहीत होते. लिहून झाल्यावर विचारलं, मयत दारू प्यायचे का?

‘न्हाई. माळकरी व्हते. त्यांची माळ मी वेचलीय.’

सावळाराम दाराशी उभा होता, तो बाहेर गेला.

आपले वकील इतके गोरेमोरे झाले, की मला क्षणभर त्यांची कीव आली. मग साहेबांनी दादाभाऊंकडे बघितलं. म्हणाले, ‘तुमच्या पत्नी सांगतात ते खरं आहे का?’ वकील मागून मान हलवत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. आबा काठी टेकत बाकावरून उठले. दादाभाऊंनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ते आपल्या हातांकडे बघत उभे होते.

मग म्हणाले, ‘खरं हाये साहेब.’

निकाल जानेवारीत आहे. वकील म्हणतात, कदाचित दंडावर भागेल, कदाचित काही महिने आत जावं लागेल, आता त्यांच्या हातात काही राहिलं नाही. ऊस तोडीला आलाय. ट्रॅक्टर कोण चालवणार हे ठरलेलं नाही. मला भीती वाटते. तुम्हाला लिहायला लाज नाही वाटत, मला फार भीती वाटते.

येताना दादाभाऊ एसटीत पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसले. भागू माझ्याजवळ येऊन बसली. जुन्नरपासून निमगावपर्यंत तिने माझ्या पिशवीचा बंद हातात धरून ठेवला होता, उतरताना सोडला.

आत्याबाई माझ्या हातचं खात नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, बाहेरच्या बाईने केलं ते समजू शकतो, ही तर घरची. गावात कुणी माझ्या बाजूचं नाही. साळुबाई तेवढी हुलगे निवडताना म्हणाली, ‘बरं झालं बाय, आमच्या ह्यांच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता.’ आबा माझ्याशी बोलतात, पण मेंढरांबद्दलच.

तुमच्याबद्दल एक लिहायचं आहे. आधी हवालदाराला सांगितलंत आणि मग मला, ह्याचा राग मी एवढे दिवस धरला. मीही कोर्टात बोलायच्या आधी घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्याबाई रडल्या असत्या, दादाभाऊ जेवायचे थांबले असते, आणि मी वळले असते. तुम्हीही त्या दिवशी आधी घरी आला असतात, तर माझ्याकडे बघून वळला असतात. राग गेलाय असं म्हणत नाही. पण आता तो तुमच्यावर जेवढा आहे तेवढाच माझ्यावरही आहे, आणि असा वाटून घेतला की उचलता येतो.

दादाभाऊ माझ्याशी बोलत नाहीत. पाणी हवं असलं तर आमच्या पोरीला सांगतात. रात्री ओसरीवर झोपतात, ह्या थंडीत. मी गोधडी नेऊन ठेवते, सकाळी ती घडी घालून उंबऱ्यावर ठेवलेली असते. हे किती दिवस चालेल मला माहीत नाही. तुरुंगात गेले तर मला भेटायला येऊ देतील की नाही, तेही माहीत नाही.

पण एक गोष्ट मी दिवसभर काम करताना मनात घोळवत असते, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगते. साहेबांनी विचारलं तेव्हा दादाभाऊंना ‘न्हाई’ म्हणता आलं असतं. तुम्ही आला नव्हतात. सावळाराम त्यांच्या बाजूने बोललेला होता. घरात भांडण असेल, बाई रागाने बोलली, असं वकिलांनी सांभाळून घेतलं असतं, आणि ते त्याच दिवशी सुटून आले असते. एका शब्दाचं काम होतं. ताई, त्यांनी मला खोटं पाडलं नाही.

तुमची,
निर्मला